हार्डबूट स्नोबोर्डचं सामान: ठाणे-नवी मुंबईकरांचे सारखे येणारे प्रश्न

दिवाळीचा फराळ संपला की नव्या लोकांचे मेसेज सुरू होतात आणि दर वर्षी तेच ते प्रश्न, म्हणून यंदा एकदाच सगळं उतरवून काढलं. आम्ही पाच-सहा जण, ठाणे, ऐरोली, खारघर असे विखुरलेले, वर्षातून एकदा, फार तर दोनदा बर्फ बघणारे. त्यामुळे हे कोचचं ज्ञान नाही, चुकीचं सामान घेऊन, पैसे घालवून मग शहाणे झालेल्यांचं आहे. एक गोष्ट खाली सारखी सारखी येणार आहे ती आधीच सांगतो: जे काही बसवायचं, मोजायचं, फिरवायचं ते घरच्या हॉलमध्ये. तिकडे वर जाऊन, थंडीत बोटं बधिर झालेली असताना, हातमोजा काढून स्क्रू फिरवायची वेळ आली की कळतं मी काय म्हणतोय ते.

१. हार्डबूट म्हणजे नक्की काय? साध्या स्नोबोर्डपेक्षा वेगळं काय असतं?

आपण जे भाड्याने घेतो ते सॉफ्टबूट, म्हणजे मऊ बूट, वरून पट्टे, आणि पाय बोर्डावर जवळपास आडवे. हार्डबूटमध्ये बूट स्कीसारखा कडक प्लास्टिकचा, बाइंडिंग (बूट बोर्डाला अडकवायचं साधन) म्हणजे एक प्लेट आणि तिच्या पुढे-मागे जाड तारेच्या कड्या (त्यांना बेल म्हणतात), बोर्ड अरुंद, आणि दोन्ही पाय बोर्डाच्या नाकाकडे चांगलेच वळवलेले. काम एकच, दाबून सपाट केलेल्या बर्फावर बोर्ड कडेवर उभा करायचा आणि न घसरता कार्व्ह करत जायचं, मागे पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक रेघ राहते. ऑलिम्पिकमध्ये पॅरलल जायंट स्लालम (दोघं शेजारी-शेजारी वळणं घेत उतरतात ती शर्यत) बघता ना, तेच सामान. चेक रिपब्लिकच्या एस्टर लेडेत्स्काने २०१८ च्या प्योंगचांगमध्ये स्कीची सुपर-जी ही वेगाची शर्यत आणि स्नोबोर्डचं पॅरलल जायंट स्लालम, दोन्हींत सुवर्ण घेतलं, तो व्हिडिओ बघून आमच्यातले निम्मे या नादाला लागलेत. उड्या मारायच्या असतील, खोल भुसभुशीत बर्फात तरंगायचं असेल तर हे सामान तुमच्यासाठी नाही, राग मानू नका.

२. कधीच स्नोबोर्ड केलं नाही, डायरेक्ट हार्डबूटने सुरुवात केली तर?

होते, पण नका करू. शिकवणारा तिकडे सॉफ्टबूटवालाच भेटेल. पहिले पाच-सात दिवस भाड्याचं सामान घ्या, दोन्ही कडांवर वळता आलं, कुठला पाय पुढे टाकता ते पक्कं झालं (डावा पुढे म्हणजे रेग्युलर, उजवा पुढे म्हणजे गूफी) की मग खरेदीचं बघा.

३. बजेट लिमिटेड आहे, आधी काय घेऊ? बोर्ड चांगला मिळतोय एक.

बूट. बोर्ड कितीही चांगला मिळत असला तरी आधी बूट. कारण बाइंडिंगचं माप बुटावरून ठरतं, अँगल (पाय बोर्डावर किती वळवून ठेवायचा तो कोन) बुटाच्या लांबीवरून आणि बोर्डाच्या रुंदीवरून ठरतो, म्हणजे बूट हातात नसेल तर बाकी सगळा अंदाजपंचे दाहोदरसे. शिवाय बोर्ड थोडा चुकीचा असला तर दिवस जरा कंटाळवाणा जातो, बूट चुकीचा असला तर अकरा वाजता हॉटेलवर येऊन बसावं लागतं. दुसरं बाइंडिंग, तिसरा बोर्ड. मी उलटं केलं होतं, पहिल्यांदा बोर्ड, आणि तो पुढचे अठरा महिने कपाटामागे उभा होता, आई त्याला इस्त्रीचं टेबल समजायची.

४. माझा बुटाचा नंबर ९ आहे, हार्डबूट कुठला घेऊ?

तो नंबर विसरा. इथे माप मोंडोमध्ये असतं, म्हणजे पायाची लांबी सेंटीमीटरमध्ये, सरळ हिशोब. भिंतीला टाच लावून कागदावर उभं राहायचं, वजन दोन्ही पायांवर, दुसऱ्या कोणाला तरी लांब बोटाच्या टोकाला पेन्सिल उभी धरून खूण करायला सांगायचं. संध्याकाळी मोजा, दिवसभर चालून पाय थोडे फुगतात. दोन्ही पाय मोजा.

आपण सगळेच स्पोर्ट्स शूज एक नंबर मोठे घालत आलोय, त्यामुळे ९ नंबरवाल्याचा पाय मोजल्यावर बरेचदा साडेसव्वीसच्या आसपास निघतो. माझा २६.४ निघाला. पण ते मी नंतर मोजलं, आधी नंबरवरून २८ चे बूट मागवले होते आणि दुकानदारानेही हो हो बरोबर आहे म्हणून पाठवले. टाच आत अशी वर-खाली व्हायची की बोर्ड वळायच्या आधी बुटातला पाय वळायचा. आणि एक लक्षात ठेवा, अर्धे नंबर बहुतेक नावालाच, २६ आणि २६.५ चं बाहेरचं प्लास्टिक एकच असतं.

५. बूट घातल्यावर बोटं पुढे टेकतात, लहान पडला का?

ताठ उभे आहात म्हणून टेकत असतील. बकल लावा, गुडघे वाका, टाच मागे सरकून बसली की बोटं सुटतात, निसटता स्पर्श राहिला पाहिजे. खात्री करायची असेल तर शेल चेक: लायनर (आतला मऊ बूट) बाहेर काढा, नुसत्या प्लास्टिकमध्ये पाय घाला, बोटं पुढे टेकवा आणि टाचेमागे किती जागा आहे बघा. एक ते दीड सेंटीमीटर, म्हणजे साधारण एक बोट आडवं जाईल एवढी जागा बरोबर. दोन बोटं आरामात गेली तर बूट मोठा आहे, मग दुकानवाला काहीही सांगो. आणि पायमोजा एकच, पातळ. दोन जाड मोजे घालून मोठा बूट भरून काढायचा जुगाड सगळ्यांनी करून झालाय, त्याने पाय जास्त गार पडतो, कारण आवळून रक्तच नीट जात नाही.

६. माझा पाय पुढून रुंद आहे, सगळेच बूट चावतात.

आयुष्यभर चपलेत वाढलेला पाय आहे आपला, पुढून पसरणारच. ढोबळ मानाने डीलक्सचे बूट पुढून ऐसपैस आणि यूपीझेडचे टाचेत घट्ट असं मानतात, पण पाय घालून बघितल्याशिवाय काही खरं नाही. घासतं तिथे लिपस्टिकचा ठिपका लावा, लायनरशिवाय पाय घाला, प्लास्टिकवर डाग पडेल, तीच जागा गरम करून बाहेर ढकलायची असते. ह्याला पंच करणं म्हणतात. हीट गन घेऊन घरी हा उद्योग करू नका, आमच्यातल्या एकाने घोट्याजवळची जागा इतकी तापवली की प्लास्टिक चमकायला लागलं आणि मग सुरकुतलं. परदेशात जाणार असाल तर तिथल्या स्की बूटवाल्याकडून करून घ्या, तासाभराचं काम आहे. रुंदीसाठी एक नंबर मोठा बूट घेऊ नका, रुंदी थोडी वाढते पण लांबीही वाढते आणि मग प्रश्न १३ मध्ये अडकता.

७. घरी स्की बूट पडलेत, तेच चालणार नाहीत का?

बेलवाल्या प्लेट बाइंडिंगमध्ये स्की बूट बसतो, ते खरं. पण त्याचा तळवा स्नोबोर्डच्या हार्डबूटपेक्षा लांब असतो, म्हणून अँगल अजून तिरका करावा लागतो, आणि घोट्यात तो फार कमी वाकतो. स्नोबोर्डवर मागचा गुडघा आत, पुढे, खाली असा सगळीकडे जातो, तिथे असा खांबासारखा बूट नको वाटतो. दोन दिवस चव बघायला ठीक. स्टेप-इनची (प्रश्न १२ बघा) टाच मात्र त्याला बसत नाही.

८. सेकंड हँड हार्डबूट स्वस्तात मिळतायत, जवळजवळ न वापरलेले. घेऊ?

इथे जरा थांबा. जुने आणि न वापरलेले ही सगळ्यात फसवी जोडी आहे. बुटाचं प्लास्टिक पॉलियुरेथेनचं असतं आणि ते दमटपणाने आतून सडतं, वापरा नाहीतर नका वापरू. बाहेरून चकचकीत, आणि थंडीत वाकवलं की बिस्किटासारखं तुटतं. आपल्याकडची हवा माहितीय ना, जूनपासून सप्टेंबरपर्यंत पापड मऊ पडतात, तर माळ्यावर पंधरा पावसाळे काढलेल्या बुटाचं काय झालं असेल.

आमच्यातल्या एका ऐरोलीच्या मित्राने असेच घेतले होते. माझ्याच हॉलमध्ये घालून बघत होता, वरचं बकल लावलं, गुडघा पुढे दाबला, तिसऱ्यांदा दाबताना टक्क असा आवाज आला, आणि बकल प्लास्टिकच्या तुकड्यासकट त्याच्या हातात. तुटलेल्या जागेला नखाने खरवडलं तर भुगा पडला. हॉलमध्ये झालं म्हणून नशीब, उतारावर झालं असतं तर पायच गेला असता.

तर मग: आत छापलेली तारीख बघा (बऱ्याच बुटांच्या प्लास्टिकच्या आत बाणवाली गोल तारीख असते), दहा वर्षांच्या वरचे असतील तर फुकटसुद्धा नको. बकलच्या रिव्हेटभोवती, घोट्याच्या बिजागरीपाशी बारीक भेगा शोधा. रंग पिवळट झालाय, हात लावला की चिकट लागतंय, तर परत द्या.

९. लायनर मोल्ड करायला इथे कोणी आहे का?

आम्हाला जवळपास सापडलं नाही, म्हणून आम्ही तांदूळवाली पद्धत करतो, ही बाहेरचे हार्डबूटवालेही करतात. सुती लांब मोज्यात तांदूळ भरायचे, गाठ मारायची, मायक्रोवेव्हमध्ये थोडं थोडं तापवायचं, मधे मधे हलवायचं, आणि ते मोजे लायनरमध्ये ठेवायचे. लायनर आतून मऊ झाला की तांदूळ काढा, पायाच्या बोटांवर छोटी टोपी चढवा म्हणजे पुढे जागा राहते, वर पातळ मोजा, पाय घाला, बकल हलकेच लावा आणि दहा-पंधरा मिनिटं गुडघे थोडे वाकवून उभे राहा. हे फक्त हीट-मोल्ड होणाऱ्या लायनरवर, आणि तापमान-वेळ कंपनीने लिहिलेलीच. मोजा तापायला लागल्यावर स्वयंपाकघरात जो वास सुटतो त्याची तयारी ठेवा, आणि तो कोलम नंतर भातासाठी वापरू नका, इतकंच.

१०. बोर्ड किती लांबीचा? माझी उंची ५ फूट ८ आहे.

उंचीने नाही, वजनाने आणि तुम्हाला वळणं केवढी घ्यायची आहेत त्याने ठरतं. प्रत्येक बोर्डाच्या कडेला एक गोलाई असते, तिची त्रिज्या मीटरमध्ये लिहितात, साइडकट रेडियस. स्लालमचे बोर्ड साधारण १५५ ते १६५ सेंटीमीटर, त्रिज्या ९-११ मीटरच्या आसपास, पटापट छोटी वळणं. जायंट स्लालमचे पुरुषांचे १८५ च्या आसपास, त्रिज्या १८-२० च्या पुढे, त्यांना वेग आणि रिकामा रुंद उतार लागतो. आपण वर्षातून आठ दिवस जाणारे, गर्दीच्या उतारावर खेळणारे, आपल्याला १६० ते १७० मधला, ११-१३ मीटर त्रिज्येचा बोर्ड पुरतो. रेसचा बोर्ड स्वस्तात मिळाला म्हणून घेऊ नका, तो हळू वेगात वळतच नाही, सरळ नेतो तुम्हाला लोकांमध्ये.

एसजी (ऑस्ट्रियाच्या सिगी ग्राबनरची कंपनी, २००६ च्या ट्यूरिन ऑलिम्पिकमधला कांस्यवाला), स्वित्झर्लंडची केसलर आणि ऑक्सेस, कोलोराडोची डोनेक, कॅनडाची कॉइलर, जपानची ओगासाका अशी नावं ऐकू येतील. डोनेक किंवा कॉइलरसारखे लोक तुमच्या मापाने बोर्ड बनवून देतात आणि सगळ्यात आधी वजन विचारतात, तिथे लाजून पाच किलो कमी सांगू नका, बोर्ड खरोखर तेवढा मऊ येतो.

जुन्या बोर्डात एक गंमत: नव्वदच्या दशकात असिमेट्रिकल बोर्ड निघायचे, दोन्ही कडा एकमेकींपासून सरकवलेल्या. ते रेग्युलर किंवा गूफी यापैकी एकालाच चालतात. फोटोत बोर्ड वाकडा कापल्यासारखा दिसला तर विचारा.

११. मेटल बोर्ड म्हणजे काय? आत लोखंड असतं का?

लोखंड नाही, टायटनाल म्हणून ॲल्युमिनियमचा मिश्रधातू असतो, त्याचे पातळ थर. बोर्ड थरथरत नाही, कडक बर्फावर चिकटून जातो. पण जोरात आपटून एकदा वाकला की वाकलाच, फायबरचा बोर्ड परत सरळ होतो तसा हा होत नाही. सेकंड हँड मेटल बोर्ड घेताना डोळ्यासमोर धरून बंदुकीचा नेम धरतात तसं एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बघा, मधे पीळ किंवा खळगी दिसली तर सोडून द्या.

१२. बेल घ्यावं की स्टेप-इन?

बेलमध्ये टाच मागच्या कडीत, मग वाकून पुढचा खटका हाताने लावायचा. स्टेप-इनमध्ये, म्हणजे इंटेक नावाच्या प्रकारात, बुटाची टाच वेगळी असते, तिच्यातून दोन्ही बाजूंना पिना निघतात, पाय दाबला की खटकन बसतो, काढताना बुटाच्या वरून येणारी केबल ओढायची. पोट असेल, कंबर धरत असेल तर स्टेप-इन सुखाचं. तोटे म्हणजे महाग, आणि टाचेच्या खाचेत बर्फ भरला की पिन अर्धीच बसते, बसल्यासारखं वाटतं पण बसलेली नसते. बेलमध्येही बुटाखाली बर्फाचा गोळा राहिला तर पुढचा खटका उघडू शकतो, त्यामुळे कुठलंही घ्या, आधी तळवा घासून साफ.

बेलची लांबी बुटाला जुळवायची असते. खटका दोन बोटांनी सहज लागत असेल तर सैल, सगळा जोर लावून अंगठा लाल होत असेल तर जास्त. तळहाताने ठाम दाबल्यावर बसला पाहिजे. आणि ह्या तारा कायमच्या नसतात, वाकून वाकून थकतात, दर सीझनला वळणापाशी भेग आहे का बघा, जोडीला जास्तीची एक ठेवा.

१३. अँगल किती ठेवू? कोणी ६५ सांगतं, कोणी ५०.

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न, आणि उत्तर असं की दुसऱ्याचा आकडा तुमच्या काही कामाचा नाही. अँगल तुम्ही निवडत नाही, तुमचा बूट आणि तुमचा बोर्ड मिळून निवडतात. नियम एकच: बुटाचं टोक आणि टाच बोर्डाच्या कडेच्या बाहेर जाता कामा नये. बाहेर गेली की बोर्ड कलताना बूट बर्फाला लागतो, कड उचलली जाते आणि तुम्ही धप्पकन पडता, ह्याला बूट-आउट म्हणतात. उलट फार आत राहिली तर कडेवर जोर पोचत नाही.

हिशोब बघा. ० डिग्री म्हणजे पाय पूर्ण आडवा. २७ मोंडोच्या बुटाचा तळवा धरा ३१ सेंटीमीटर. ६० डिग्रीला त्याची आडवी लांबी निम्मी होते, साडेपंधरा, त्यात टोकाची रुंदी मिळवली की साधारण वीस-एकवीस, म्हणजे पायाखाली वीस-एकवीस रुंद असलेल्या बोर्डावर बरोबर बसतो. तोच बूट ४५ ला ठेवला तर नुसती लांबीच बावीस होते, वर टोकाची रुंदी, म्हणजे तो बाहेर लोंबणार. म्हणून १८-१९ सेंटीमीटर कमरेच्या (कमर म्हणजे बोर्डाची मधली अरुंद जागा) बोर्डावर लोक ६०-६५ करतात आणि रुंद बोर्डावर ५० ला येतात. बोर्डाच्या माहितीत कमरेची रुंदी दिलेली असते, पण पाय कमरेवर नसतात, पुढे-मागे जरा रुंद जागी असतात, तिथे स्वतः पट्टीने मोजा.

प्रत्यक्ष असं करा. हॉलमध्ये जाड चादरीची घडी, तिच्यावर बोर्ड (लादीवर ठेवू नका, तळ घासतो). बाइंडिंग अर्धवट घट्ट, बूट रिकामा लावलेला. शिवणाचा दोरा घ्या, खाली एक नट बांधा, गवंड्याचा ओळंबा असतो तसा. दोरा बुटाच्या सगळ्यात बाहेर आलेल्या टोकाला टेकवून खाली सोडा. नट कडेच्या बरोबर वर किंवा दोन-चार मिलीमीटर आत आला पाहिजे. मग टाचेकडून तेच. पुढे जास्त आणि मागे कमी येत असेल तर अँगल बदलू नका, बूट प्लेटवर पुढे-मागे सरकवा, तो मधोमध बसलेला नाही. नंतर कंपास पेटीतला कोनमापक लावून आकडा लिहून ठेवा. माझ्या मुलीचा कोनमापक ह्यात दोन वर्षं गायब होता, शेवटी बोर्डाच्या बॅगेत सापडला.

मागच्या पायाचा अँगल पुढच्याएवढा किंवा दोन-चार डिग्री कमी, समजा पुढे ६०, मागे ५७. मागचा पुढच्यापेक्षा जास्त नको, गुडघे एकमेकांवर आदळतात. लहान पायाचं प्रश्न २२ मध्ये.

१४. दोन पायांत अंतर किती?

जमिनीपासून गुडघ्याच्या वाटीच्या मधापर्यंत मोजा, तिथून सुरुवात. बहुतेकांचं ४६ ते ५० सेंटीमीटरमध्ये येतं. सॉफ्टबूटची सवय असलेले फार पसरून उभे राहतात, मग कडक बुटात गुडघे अडतात. हॉलमध्ये बूट अडकवून खाली बसून-उठून बघा, कुठे ओढ बसते ते लगेच कळतं. खालच्या मजल्यावरच्या काकूंना आधी सांगून ठेवा.

१५. कँट आणि लिफ्ट म्हणजे काय? लागतंच का?

लिफ्ट म्हणजे पुढच्या पायाचा पंजा किंवा मागच्या पायाची टाच उचलून देणं, कँट म्हणजे पाय आत किंवा बाहेर कलवणं. पाय अंतराने उभे असताना गुडघे नैसर्गिकपणे वाकावेत म्हणून हे. एफ-टू कंपनीच्या बाइंडिंगमध्ये पाचरी येतात, बॉम्बर कंपनीच्या टीडी-थ्री बाइंडिंगला ०, ३ आणि ६ डिग्रीच्या तिरक्या चकत्या. पहिल्यांदा कँट शून्य, पुढच्या पंजाला थोडी लिफ्ट, मागच्या टाचेला थोडी लिफ्ट, बास. एका वेळी एकच गोष्ट बदला. मी एकदा नाश्त्याला तीन गोष्टी बदलल्या आणि संध्याकाळपर्यंत कळलं नाही की कशामुळे बिघडलं.

१६. बुटाच्या मागे आकडे किंवा खाचा आहेत, त्या कशाला?

फॉरवर्ड लीन, पोटरी किती पुढे झुकलेली राहील ते. पुढचा बूट जरा सरळ, मागचा जास्त झुकलेला. एक खटका चालण्यासाठी मोकळा असतो, तो लावायला विसरून उतरायला सुरुवात केली की पहिल्या वळणाला कळतं. काही जण तिथे स्प्रिंगची यंत्रणा बसवतात, घोटा थोडा हलता राहतो. पहिल्या सीझनला गरज नाही.

१७. स्क्रू हरवला, हार्डवेअरच्या दुकानातला चालेल?

बोर्डातली भोकं एम-६ ची असतात, आणि एम-६ वागळे इस्टेटमध्ये काय, तुर्भ्यातही पोत्याने मिळतो. पण डोक्याचा आकार आणि लांबी तंतोतंत हवी. लांब असेल तर खालून तळाला फुगवटा येतो, आखूड असेल तर आटे सोलून निघतात. मूळ स्क्रू नमुना म्हणून घेऊन जा, आणि हाताने निदान पाच-सहा पूर्ण फेरे बसतोय का बघा. बऱ्याच स्क्रूंचं डोकं पॉझिड्राइव्हचं असतं, दिसायला साध्या फुलीसारखं, पण घरातला फुली स्क्रूड्रायव्हर घातला की खाच खाऊन टाकतो. तीन नंबरचं पॉझिड्राइव्ह बिट विकत घ्या. पहिल्या दोन उतरणींनंतर सगळे स्क्रू एकदा तपासा, ढिले होतातच.

जायंट स्लालमच्या बोर्डावर बाइंडिंगच्या नेहमीच्या ४ बाय ४ (चार-चार सेंटीमीटर अंतरावरच्या) भोकांशिवाय जास्तीची भोकं दिसली तर घाबरू नका, ती रेसवाल्यांच्या उंच आयसोलेशन प्लेटसाठी (बोर्ड आणि बाइंडिंगच्या मधे बसते ती) असतात. प्लेट तुम्हाला आत्ता लागत नाही, वजन वाढतं नुसतं.

१८. एजला धार किती? वॅक्स घरी करता येतो का?

बाजूच्या कडेला एक ते दोन डिग्री, म्हणजे ८९ किंवा ८८, आणि तळाकडून अर्धा ते एक. मार्गदर्शक पट्टी नसेल तर फाईल हातात धरू नका, फक्त डायमंड स्टोनने बारीक उठलेली खरबड काढा. वॅक्ससाठी वाफेची इस्त्री नको, तिच्या भोकांत वॅक्स जातो. जुनी कोरडी इस्त्री, कमी तापमान, सतत हलती. खरवडायचं काम गॅलरीत करा, ते कण पायाला लागून घरभर जातात आणि लादी अशी निसरडी होते की विचारू नका.

१९. पावसाळ्यात सामान कसं ठेवायचं? एजला गंज चढला.

आपला खरा शत्रू हाच, उतार वगैरे नंतर. वरचा लालसर गंज डायमंड स्टोनने निघतो, खड्डे पडले असतील तर काम वाढतं. परत आल्यावर बोर्ड बॅगेतून लगेच काढा, ओली बॅग बंद करून ठेवली की आठवड्यात गंज. मे महिन्यात तळावर जाड वॅक्स चढवा, कडांवरूनही येऊ द्या आणि न खरवडता तसाच ठेवा, नोव्हेंबरमध्ये खरवडा. बुटाचे लायनर काढून वेगळे, पंख्याखाली पूर्ण वाळवून, बकल हलके लावून ठेवा म्हणजे आकार राहतो. सिलिका जेलच्या पुड्या टाका. माळा नको, बाल्कनी तर नकोच, बेडरूममधलं कपाट बरं. उन्हात उभ्या गाडीतही ठेवू नका.

२०. भारतात हे कुठे चालवता येतं? गुलमर्ग चालेल?

गुलमर्गचं नाव आहे ते वरच्या अफरवट डोंगरावरच्या मोकळ्या बर्फासाठी, तिथे हार्डबूट म्हणजे शिक्षा. गंडोलाचा (रोपवेचा) पहिला टप्पा जिथे संपतो त्या कोंगदूरीच्या आसपास दाबलेला उतार मिळतो, सकाळी लवकर, गर्दीच्या आधी, रात्रीच्या थंडीने कडक झालेला असतो तेव्हा मजा. दुपारी बर्फ बसतो, खड्डे पडतात, मग चहा प्या. उत्तराखंडातल्या औलीचा उतार ह्या कामाला जास्त साजेसा, २०११ चे दक्षिण आशियाई हिवाळी खेळ तिथे झालेत. ज्यांना जमतं ते जॉर्जियात गुदौरीला किंवा कझाकस्तानात अल्माटीजवळ शिम्बुलाकला जातात. मॉलमधल्या स्नो पार्कमध्ये घेऊन जाऊ का हे तिघांनी विचारलंय: नाही.

२१. विमानात कसं न्यायचं? आणि लीश लागते का?

बूट केबिनमध्ये, अडून बसा पण बूट हातातच. बोर्ड हरवला तर भाड्याने काहीतरी मिळेल, तुमच्या पायाचा मोल्ड केलेला हार्डबूट कुठे मिळणार. स्क्रूड्रायव्हर आणि फाईल चेक-इनमध्ये. देशातल्या फ्लाइटला साधारण १५ किलोच मिळतात, बोर्ड, बाइंडिंग, कपडे मिळून ते सहज ओलांडतं, आधी बॅगेज वाढवून घ्या. लांब बॅग घेऊन सकाळच्या लोकलने जायचा विचार असेल तर मालडबा, तिथे भाजीवाल्या मावश्या जागा करून देतात, वर बोर्ड बघून ‘हे काय, दरवाजा का?’ विचारतात. लीश काही ठिकाणी मागतात, बोर्ड पायाला बांधायची छोटी दोरी आहे, बॅगेत टाकून ठेवा.

२२. पाय फार लहान असेल तर? माझं मोंडो २३ आहे. आणि नवऱ्याचाच बोर्ड दोघांत वापरला तर चालेल का, त्याचं २७.५ आहे?

खारघरच्या एका ताईंचा प्रश्न, आणि ह्यातच सगळे अपवाद एकत्र आलेत. बोर्डाचं आधी: २७.५ च्या बुटाला ६० डिग्रीला बसणारा बोर्ड २३ च्या बुटाला त्याच अँगलला फार रुंद पडतो, टाच आणि टोक आत राहतं. त्यांना त्याच बोर्डावर काही डिग्री कमी करावे लागतील, नेमकं प्रश्न १३ मधल्या दोऱ्याने काढा. त्यात वजनाचा फरक पंचवीस किलोचा असेल तर त्याच्यासाठी बनलेला बोर्ड त्यांना वाकणारच नाही, तिथे अँगल काही करू शकत नाही.

बाइंडिंगचे साइज असतात, लहान बुटासाठी लहान घ्या, मोठ्याची बेल शेवटच्या भोकापर्यंत आत ढकलून काम भागवू नका. आणि फारसं कोणी सांगत नाही ते म्हणजे पाचर. पाचरीची जाडी तीच राहिली आणि बूट आखूड झाला तर कल वाढतो, म्हणजे नवऱ्याला जी लिफ्ट बरी वाटते तीच त्यांना टाचेवरून पुढे ढकलल्यासारखी लागेल. त्यांनी सगळ्यात पातळ पाचरीने सुरुवात करावी.

तरीही एकच बोर्ड वाटून घ्यायचा असेल तर दोघांची बाइंडिंग वेगळी ठेवा, दोघांच्या भोकांवर वेगवेगळ्या रंगाच्या नेलपॉलिशचे ठिपके द्या, आणि एक दिवस त्याचा, एक दिवस तुमचा. अर्ध्या दिवसाने बदलू असं ठरवून गेलेली एक जोडी आम्हाला माहितीय, दुपारी दोन वाजता चहाच्या टपरीबाहेर बर्फात एकमेकांना बिट शोधायला लावत होती.